साखरेवरची भाकरी

मिल्या,

परवा तुझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात एका वक्त्याने माईक हातात घेऊन सांगितलं, हिमालयाने आपल्या लाडक्या लेकराला कुशीत घेतलं. लोकांनी माना डोलावल्या, पुढच्या रांगेतल्या दोन बायांनी डोळ्यांना पदर लावला. मी शेवटच्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून दात आवळत होतो. कसली कूस आणि कसलं लेकरू? गुडघाभर बर्फ होता त्या उतारावर आणि त्याखाली नुसते दगड. बर्फ तुला घेऊन सुटला आणि त्या दगडांवरून तुला फरफटत खाली नेलं. तुझ्याबरोबर वर गेलेल्या आपल्या सलीमने उकरून काढलं तेव्हा तुझ्या अंगावर जेमतेम हातभर बर्फ होता. गुदमरलासुद्धा नाहीस तू. मान मोडली होती.

मंडपाच्या दारात तुझा फ्लेक्स होता. लग्नातला टाय घातलेला फोटो, आणि मागे जो बर्फाचा डोंगर चिकटवलाय त्याच्या पायथ्याला हिरव्यागार कुरणात गलेलठ्ठ गाई चरताहेत. बहुतेक स्वित्झर्लंड असावं. तू असतास तर तिथेच पोट धरून हसला असतास आणि म्हणाला असतास, "मास्तर, तुझ्या भूगोलात हा डोंगर कुठं बसतो, सांग बरं." मला हसू आलं नाही. गेल्या तीन आठवड्यांत तुझी आठवण आली की आधी राग येतो, मग रडू. हा क्रम एकदाही बदललेला नाही. म्हणून लिहायला बसलोय. आदरांजली वाहायला बाकीचे आहेत, मला तुझ्याशी भांडायचंय.

भाषणं संपून जेवणं सुरू झाली तेव्हा वैशालीवहिनी माझ्याजवळ आल्या. पांढऱ्या साडीत तुझी बायको पटकन ओळखूच आली नाही. मी ताट हातात घेऊन मंडपाच्या खांबाला टेकून उभा होतो. हळू आवाजात म्हणाल्या, "दत्ताभाऊ, एक बोलू का? मी त्यांना म्हणलं व्हतं, दत्ताभाऊ हो म्हणले तरच वर जायचं. मंग त्यांचा फोन आला, दत्ताला फोटो पाठवला, दत्ता बराबर म्हणला. तुम्ही हो म्हणले म्हणून मी बी हो म्हणलं." थोडं थांबून म्हणाल्या, "तुमचा राग न्हाई मला. तुम्हाला तरी काय माहीत व्हतं."

मी हो म्हणालो? कधी?

पण बोललो काहीच नाही. मान खाली घातली. त्या "जेवा तुम्ही" म्हणून निघून गेल्या. त्या दिवशी जालन्याला परत येताना एसटीत मी तुला मनातल्या मनात जेवढ्या शिव्या दिल्या तेवढ्या आयुष्यात कुणाला दिल्या नसतील. मेलास तो मेलास, वर माझं नाव पुढे करून मेलास.

आपल्या दोघांच्या गिर्यारोहणाचं मूळच वाकडं. जालन्याच्या सपाट काळ्या रानातल्या माणसांना बर्फाचं वेड लागावं हेच मुळात हसण्यासारखं. सरावाला डोंगर नव्हता, म्हणून अंकुशनगरच्या साखर कारखान्याच्या कॉलनीतल्या पाण्याच्या टाकीचा जिना आपण पाठीवर साखरेची पिशवी घेऊन चढायचो. खालून बाया विचारायच्या, "टाकीत साखर टाकून राह्यले का काय?" त्यातही तू कारखान्यात पॅनमन. उसाचा रस आटवून त्याचा दाणा पाडायचा, थेंबभर काचेच्या पट्टीवर घेऊन भिंगातून तो दाणा बघायचा, हे तुझं काम. दिवाळी सरली की बॉयलर पेटायचा आणि तू उन्हाळ्यापर्यंत कारखान्याचा. मे महिन्यात गाळप किती लांबेल याचा नेम नाही. ते संपलं की तू सलीमच्या गॅरेजात, आणि जूनला माझी शाळा. दोघं एकदम मोकळे असे दिवस वर्षातून एकदाच यायचे, माझी दिवाळीची सुट्टी आणि तुझा बॉयलर पेटायच्या आधीचा आठवडा. म्हणून आपण कायम दिवाळीतच गेलो. दिवाळीचा बर्फ कसा असतो याचा विचार आपण नंतर केला.

आणि तो विचार माझ्यापेक्षा तू जास्त केलास, हे कसं विसरू?

माझ्या शाळेत येऊन तू पोरांना जे दाखवायचास ते बघायला बाकीचे मास्तरसुद्धा खिडकीत उभे राहायचे. घरून मोठी पितळी परात आणायचास. तळाला मूठमूठ साखर पसरायचास, जाड दाण्याची. त्यावर सकाळची कडक झालेली ज्वारीची भाकरी. मग साखरेकडे बोट दाखवून सुरू व्हायचास. "हा पहिला बर्फ. ऑक्टोबरात पडला, पातळ. उन्हाच्या अंगाचा वितळून गेला, सावलीच्या अंगाचा तसाच राह्यला. वर आभाळ मोकळं, कडाक्याची थंडी, आन् खाली जमीन आजून ऊबदार. मंग तो आतल्या आत सुटा सुटा व्हतो, बिलकुल या साखरेवानी. एक दाणा दुसऱ्याला धरत न्हाई. आन् ही भाकरी म्हंजी त्याच्यावर वाऱ्यानं आणून दाबून बसवलेला नवा बर्फ. वरून कशी दिसती? पक्की. पाय ठेवला तर माणूस म्हणतो, वा! आता बघा."

आणि परात हळूहळू तिरपी करायचास. भाकरी आधी हलायचीच नाही. पोरं श्वास रोखून बघायची. अजून थोडी तिरपी, अजून थोडी, आणि मग एकदम अख्खीच्या अख्खी भाकरी सरकून फरशीवर. पोरं टाळ्या पिटायची.

"बर्फ कमी म्हंजी खतरा कमी, आसं कोन म्हणतं?" तू विचारायचास.

"त्याला परातीत बसवा!" पोरं ओरडायची.

"आन् ध्यानात ठेवा, बर्फ लई आसला तर पडणारा गादीवर पडतो. कमी आसला तर पाट्यावर."

पाट्यावर. तुझाच शब्द आहे मिल्या. वर्गात चाळीस पोरांसमोर उच्चारलेला. मग स्वतःच्या वेळी काय झालं तुझ्या त्या शहाणपणाला?

मला आठवतंय तुला हे कुठे सुचलं ते. आपण पाचवी-सहावीत असू. मी कुंभार पिंपळगावहून शिकायला मामाकडे कॉलनीत आलो होतो, तुझे आबा गोदामात पोती उचलायचे. फुटक्या पोत्यांतली साखर एका कोपऱ्यात ढीग करून ठेवलेली होती आणि वर ताडपत्री. तू म्हणालास, वर चढून दाखवतो. निम्मा चढलास आणि ताडपत्री तुझ्यासकट खाली आली. तू साखरेत लोळत हसत होतास, नाकातोंडात साखर. आबांनी दोन धपाटे घातले तरी हसू थांबेना. "दत्त्या, आख्खी सटकली बघ, आख्खी!" म्हणत राहिलास. त्या वयापासून तुला ठाऊक होतं की वरचं पांघरूण घट्ट असून भागत नाही. हिमालयातल्या पहिल्या प्रशिक्षणात सरांनी हातावर तसला दाणेदार बर्फ घेऊन दाखवला, तेव्हा सगळ्या तुकडीत तू एकटाच म्हणालास, "सर, ही तर आमची साखर." दुसऱ्या वर्षापासून कारखान्यातलं घडीचं भिंग तू डोंगरावरही खिशात ठेवायला लागलास.

आता गेल्या वर्षाचं. हे भांडण अर्धं राहिलंय आणि ते तुला ऐकून घ्यावं लागेल.

टोक दिसत होतं. दोन दोरांच्या लांबीएवढं अंतर उरलं असेल. मी पुढे होतो, पाय ठेवला आणि पायाखाली आवाज झाला, धप्प. मोठा नाही, शेजारच्या खोलीत कुणी पोतं टाकावं तेवढा. भाकरीखालची साखर बसल्याचा आवाज होता तो. माझ्या बुटापासून एक तडा निघून सात-आठ हात सरळ पळत गेला. मी जागीच थांबलो आणि म्हणालो, परत. तू म्हणालास, "आरं तडा गेला, सुटला तर न्हाई ना! टोक दिसून राह्यलंय तिथं." मी म्हणालो, परत. त्या उतारावर उभं राहून आपण एकमेकांवर जे ओरडलो ते सलीमने ऐकलंय. शेवटी तू आलास माझ्या मागून, पण खाली तंबूपर्यंत एक शब्द बोलला नाहीस.

नंतर मात्र वर्षभर बोलत राहिलास. कॉलनीत, गॅरेजात, माझ्या पुतण्याच्या लग्नात. कुठे भांडं पडलं की तू ओरडायचास, "धप्प! दत्ता, परत फिर!" लोक हसायचे. पुढे पुढे लोकच मला धप्प मास्तर म्हणायला लागले. मस्तगडला माझ्या घराखाली किराणा दुकान आहे, तो दुकानदार कधी जालन्याबाहेर गेला नसेल, तोही पोतं उतरवून घेताना माझ्याकडे बघून डोळा मारायचा. मीही हसायचो. चेष्टा सहन न होणारा माणूस म्हणजे कोता, असं आपल्याकडे समजतात, म्हणून हसायचो. आत मात्र गाठ मारून ठेवत होतो.

आणि मला उत्तरही देता येत नव्हतं. हेच तर या धंद्यातलं वंगाळ आहे. आपण परत फिरलो, उतार सुटला नाही, म्हणजे मी भित्रा. पण आपण पुढे गेलो असतो तर? तो उतार त्या दिवशी सुटला असता की नसता, हे कुणालाच कधी कळणार नाही. जो परत फिरतो त्याच्याकडे दाखवायला काहीच नसतं. घरी जिवंत येऊन बसलेली तीन माणसं हा काही पुरावा नव्हे, असंच तू वागलास.

म्हणून या वर्षी तू विचारलंस तेव्हा मी नाही म्हणालो. बहीण येणार आहे, घराला रंग द्यायचाय, शाळेची कामं आहेत, काय वाट्टेल ते सांगितलं. तू म्हणालास, "बराबर, घर सांभाळ." तेव्हाही हसलास. सलीमने मला मागच्या आठवड्यात जे सांगितलं ते मला तेव्हा माहीत असतं तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "दत्ता, मी त्याला बोल्लो, सप्टेंबरमधी जाऊ, बरफचं टेन्शन न्हाई, दत्ता तर येतच न्हाई. तो बोल्ला, न्हाई, दिवाळीतच जायचं. शेवटाला दत्ता येतो बघ, सुट्टी त्याला तव्हाच भेटती."

माझ्यासाठी. दिवाळीचा बर्फ तू माझ्यासाठी निवडलास, गाढवा. आणि मला सांगितलं नाहीस.

भाऊबीजेच्या सकाळी मी कुंभार पिंपळगावला ओट्यावर चिवडा खात बसलो होतो. फोन वाजला. तुझा फोटो आला, तुम्ही जिथून जाणार होतात तो उतार. खाली तुझा मेसेज, "बोल मास्तर, बराबर हाय का?"

मी फोटो मोठा करून पाहिला. दोन्ही बाजूंचे उन्हाचे डोंगर उघडे, तपकिरी. मधली सावलीची घळ तेवढी पांढरी. वरच्या धारेच्या आतल्या अंगाला वाऱ्याने आणलेला बर्फ उशीसारखा फुगून बसलेला. आणि डाव्या हाताला, खडकांच्या जरा खाली, पेन्सिलने ओढावी तशी एक रेघ. तडा होता तो. मिल्या, मला तो दिसला होता.

आता वाचकाला, म्हणजे तुला, वाटेल की मी घाईत होतो, रेंज नव्हती, बहीण हाका मारत होती. यातलं काहीही नव्हतं. मला भरपूर वेळ होता. मी ती रेघ बघितली आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की आता मी "जाऊ नको" म्हटलं तर हा संध्याकाळपर्यंत सलीमला सांगणार, धप्प मास्तर घरी बसून पण घाबरला. पुढचं वर्षभर तेच. मी चिवड्याच्या तेलकट अंगठ्याने लिहिलं, "तुझं तू बघ. मी तर धप्प मास्तर."

तुझं उत्तर लगेच आलं. "बराबर."

दुसऱ्या दिवशी दुपारी सलीमचा फोन आला. तो नुसता रडत होता.

पुढचं सगळं सलीमकडूनच कळलं. आदल्या दिवशी तुम्हाला दोन स्कीवाले भेटले होते, पाठीला रुंद फळ्या बांधलेले, तिकडचेच. त्यांनी बर्फ तपासायला त्याच घळीच्या बाजूला खड्डा खणला, बर्फाचा एक चौकोनी खांब मोकळा केला, त्यावर फावडं ठेवून हाताने थापट्या मारल्या. मनगटाच्या चार थापट्यांतच वरचा थर टेबलाचा खण ओढावा तसा बाहेर आला. ते परत फिरले. तुमच्या तंबूजवळ थांबून सांगूनही गेले, "भाईसाहब, नीचे की बरफ ठीक नहीं है." आणि ते गेल्यावर तू सलीमला काय म्हणालास? "त्यांच्या फळ्यांला दगड लागून राह्यले, म्हणून चालले वापस. आपल्याला काय, आपण पायी." बर्फ कमी म्हणजे खतरा कमी, असं कोण म्हणतं, मिल्या? परातीत बसवायचं कुणाला?

तरी मला वाटत होतं, तुझ्या लक्षात आलं नसेल. माणूस चुकतो. चार दिवसांवर बॉयलर पेटणार होता, रेल्वेची तिकिटं काढलेली होती, टोक समोर होतं. शहाण्या माणसाची बुद्धी अशा वेळी चरायला जाते. मी ते समजून घेतलं असतं. पण सलीम पुढे म्हणाला, "घळीच्या कडेला तो थांबला. वरचा कडक बरफ हातानं बाजूला केला, खालचा हातात घेतला. जेबमधून भिंग काढलं, बघितलं. लई टाईम बघितलं. मी बोल्लो, काय दिसलं? तो बोल्ला, बराबर हाय. भिंग जेबमधी ठेवलं. मंग मला बोल्ला, तू हितंच थांब, मी पल्ल्याड गेलो की मंग ये."

म्हणजे तुला दिसली साखर. जिचा दाणा तू रोज आठ तास बघत आलास ती तुला न ओळखू येणं शक्यच नाही. ओळखलीस, म्हणूनच सलीमला काठावर ठेवलंस. एका वेळी एकानेच ओलांडायचं, हे तू शिकवायचास तसंच केलंस. सलीम त्यामुळे जिवंत आहे, त्याच्या दोन पोरींना त्यामुळे बाप उरलाय, आणि त्यासाठी मी तुझे पाय धरीन. पण सलीमला थांबवण्याइतकं कळलं होतं, तर स्वतः का नाही थांबलास? तिथे वळून परत यायला तुला काय पाहिजे होतं? कुणीतरी "परत" म्हणायला पाहिजे होतं का? दरवर्षी म्हणणारा एकजण होता. त्याची तू वर्षभर चेष्टा केलीस आणि तो घरी चिवडा खात बसला.

तू निम्म्यात गेल्यावर आवाज झाला. सलीम म्हणतो, मोठा नव्हता. धप्प. ते स्कीवाले अजून खालीच मुक्कामाला होते, तिथून बघत होते, तेही धावत वर आले, तिघांनी मिळून तुला काढलं.

काल मी अंकुशनगरला गेलो. तुझ्या क्वार्टरात वैशालीवहिनी एकट्याच होत्या, तुझी सॅक मोकळी करून दोर उन्हात टाकत होत्या. भिंग खिडकीत ठेवलेलं होतं. मी काही प्रस्तावना केली नाही. फोन काढला, तो फोटो आणि खालचे तीन मेसेज उघडून त्यांच्या हातात दिला.

त्यांनी वाचलं. मग विचारलं, "तडा कुठं हाय?" गेल्या वर्षीचं आपलं भांडण ऐकून तडा म्हणजे काय, ते त्यांना ठाऊक होतं. मी बोटाने रेघ दाखवली.

"तुम्हाला तव्हाच दिसला व्हता?"

"व्हय."

"म्हंजी तुम्ही हो म्हणले न्हाई."

"न्हाई."

"आन् न्हाई बी म्हणले न्हाई."

त्या तुझ्यासारख्या ओरडत नाहीत. ओरडल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

"ते माझ्याशी खोटं बोलले. आन् परवा तुम्ही ताट हातात घिऊन त्यांचं खोटं खरं करून बसले. मला समजलं आसतं का कधी?"

"न्हाई समजलं आसतं," मी म्हणालो. "वहिनी, मी नको म्हणलो असतो तरी तो गेला असता का, ते मला सांगता येत न्हाई."

"मला येतं," त्या म्हणाल्या. "त्यांना माझ्याशी खोटं बोलायला बी तुमचा आर्धा शब्द लागला. तुम्ही सरळ नको म्हणले आसते, तर त्यांनी मला काय सांगितलं आसतं? नुस्तं मनानं रचून सांगणारा माणूस नव्हता तो."

हे मी तुझ्याबद्दल ऐकलेलं सगळ्यात चांगलं वाक्य आहे, मिल्या. मंडपातल्या एकाही वक्त्याला ते सुचलं नाही. आणि ते ऐकताना मला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं.

त्या आत गेल्या. मला वाटलं, आता चहा आणतात की जा म्हणतात. त्या परात घेऊन आल्या. चिंचेने घासून लखलखीत केलेली. माझ्या हातात दिली. "शाळा उघडली ना? दाखवा पोरांला. ते दाखवायचे तसंच. पण मंग पुढचं बी सांगा. समदं सांगा, ह्या फोनातलं बी. नुस्ती साखर दाखवून काय व्हतं? साखर तर त्यांना बी दिसली व्हती."

भिंग मात्र त्यांनी दिलं नाही. मीही मागितलं नाही.

आज दुसऱ्या तासाला आठवीच्या वर्गात टेबलावर परात ठेवली. पोरांनी ती ओळखली. मी साखर पसरली. भाकरी ठेवली. तुझ्यासारखं मला बोलता येत नाही, मी पुस्तकी बोलतो, पण बोललो. परात तिरपी केली. तुझ्याइतकी सावकाश करता आली नाही, म्हणून भाकरी तुझ्यापेक्षा लवकर गेली. फरशीवर पडली आणि तिचे दोन तुकडे झाले. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत.

"बर्फ कमी म्हणजे धोका कमी, असं कोण म्हणतं?" मी विचारलं. पोरांना ते वाक्य पाठ आहे, पण परातीत कुणाला बसवायचं, हे आज कुणाला म्हणवेना.

पहिल्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. "सर, मिलिंदकाकांना तर हे समदं माहीत व्हतं. मंग ते कामून गेले?"

मी खिशातून फोन काढला. फोटो मागच्या बाकापर्यंत फिरवला. रेघ दाखवली. तुझा मेसेज वाचून दाखवला. मग माझा. माझा वाचायला वेळ लागला, पण शब्द न् शब्द वाचला. धप्प मास्तर म्हणजे काय, तेही सांगितलं. मागच्या बाकावरचा एकजण सवयीने फिस्कन हसला आणि लगेच खाली बघायला लागला.

ती मुलगी अजून उभीच होती. "सर, तुम्हाला ही लाईन दिसली व्हती?"

"हो."

"मंग तुम्ही सांगितलं कामून न्हाई?"

भूगोलाच्या मास्तराला अशा वेळी पुष्कळ शब्द असतात. परिस्थिती, संपर्काचा अभाव, निर्णयप्रक्रिया. ओठांपर्यंत आलेही होते. पण समोर तेरा वर्षांचं लेकरू उभं होतं आणि त्याला समजेल असं खरं उत्तर माझ्याकडे एकच होतं.

"रुसल्तो," मी म्हणालो.

तिने मान हलवली आणि खाली बसली. तिला ते बराबर कळलं.